हवामान मोर्चा सोसायटीच्या हॉलमध्ये लाइव्ह दाखवताय? या चुका टाळा

पहिला घोळ हमखास घड्याळाचा होतो. १७ सप्टेंबर २०२३ ला न्यूयॉर्कमध्ये कोळसा, तेल, वायू बंद करा म्हणत हजारो लोक रस्त्यावर उतरले. रविवार होता. तिथे दुपारचा एक वाजतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. असा कार्यक्रम ‘रविवारी दुपारी’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरला, की लोक जेवण आटोपून भरदुपारी हॉलच्या कुलपासमोर उभे! शिवाय उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेदहा. २०२५ ची हवामान परिषद ब्राझीलमधल्या बेलेमला झाली; तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे आपले पहाटेचे अडीच. निमंत्रणात फक्त भारतीय वेळ आणि भारतीय तारीख द्या. मध्यरात्रीनंतरचं असेल तर ‘शनिवारी रात्री, रविवार उजाडताना’ असं सरळ लिहा.

आणि पहाटे अडीचला लाइव्हचा हट्ट कशाला? रेकॉर्डिंग राहणार आहे का, एवढं आयोजकांना विचारून घ्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला लावा. गच्चीवर पडदा लावणार असाल तर आणखी एक गोष्ट: २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. बंद सभागृहाला मुभा आहे, गच्चीला नाही.

चित्र अडखळलं तर लोक सांभाळून घेतात. आवाज गेला की खुर्च्या सरकायला लागतात. लॅपटॉपला एचडीएमआय केबल जोडली की आवाज बऱ्याचदा मुकाट्याने प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरकडे वळतो आणि हॉलचे मोठे स्पीकर गप्प बसतात. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठून यायला हवा ते निवडा. ब्लूटूथ स्पीकरवर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात, म्हणून वायरच बरी. हॉलचा प्रोजेक्टर जुना असेल तर त्याला व्हीजीए लागतं आणि नव्या लॅपटॉपला नुसतं टाइप-सी असतं. कन्व्हर्टर आदल्या दिवशी लावून, शेवटच्या रांगेत बसून ऐका.

स्ट्रीम अडकली की पेज पुन्हापुन्हा रिफ्रेश करत बसू नका. दुसऱ्या कंपनीच्या सिमवर, फोनमध्ये तीच लिंक उघडा. तिथेही अडकली असेल तर गडबड तिकडची आहे, थांबा. तिथे चालत असेल तर तुमचं इंटरनेट कमी पडतंय: सेटिंगमध्ये क्वालिटी ४८० वर आणा, हॉलमधल्या मंडळींना वायफाय सोडायला सांगा. रोज दोन जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट देणाऱ्याचा डेटा ऐन भाषणात संपतो, हे गृहीतच धरा. पुन्हा सुरू झाल्यावर ‘लाइव्ह’ बटण दाबायला विसरू नका, नाहीतर कुणाच्या तरी फोनवर टाळ्या आधी वाजतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र भाषेची. दोन तास इंग्रजी भाषणं सुरू राहिली की आज्या मालिकेच्या वेळेला उठतात, आणि त्यांचं काहीच चुकत नाही. आपोआप येणाऱ्या सबटायटल्सच्या भरवशावर राहू नका, त्यात माणसांच्या नावांचं भलतंच काहीतरी होतं. एकाला हेच काम द्या: गाणं किंवा घोषणा सुरू झाल्या की आवाज कमी करून, आत्ता कोण काय बोललं ते दोन-तीन वाक्यांत मराठीत सांगायचं. वाचून दाखवायचं नाही, सांगायचं. शाळेतल्या बाई असतील तर उत्तम.

फ्लेक्स छापू नका, पाण्याच्या छोट्या बाटल्याही मागवू नका. पिंप आणि स्टीलचे पेले ठेवा.

शेवटची चूक म्हणजे आभारप्रदर्शनापर्यंत स्ट्रीम चालू ठेवणं. तोवर निम्मा हॉल चपला शोधत असतो. मुख्य भाषणं झाली की बंद करा, दिवे लावा आणि अर्धा तास आपल्या वॉर्डाबद्दल बोला. रस्त्यासाठी झाडं जाणार असतील तर झाडावर चिकटवलेल्या नोटिशीचा फोटो पडद्यावर दाखवा, हरकत कुठे द्यायची ते सांगा, अर्जाच्या प्रती तिथेच वाटा आणि सह्या घ्या. चहा मात्र सह्यांनंतर. आधी दिलात तर कप ठेवून लोक परस्पर जिना उतरतात.