राउटर रिबूट झाला की ग्राफ दुसऱ्याच पोर्टाचा? इफइंडेक्स पक्का कसा करायचा

मे महिन्यात आपल्याकडे लाईट जाणं काही नवीन नाही, आणि जळगाव-भुसावळच्या उन्हात यूपीएसच्या बॅटऱ्याही फार दम धरत नाहीत, म्हणजे राउटर बंद-चालू होणारच हे धरूनच चाला. लाईट आली, राउटर उठला, नेट चालू, सगळे खुश. मग दुसऱ्या दिवशी कोणीतरी मॉनिटरिंग उघडतं तर चोपड्याच्या लिंकवर भुसावळएवढा ट्रॅफिक दिसून राहिला, आणि ऑफिसातला पोरगा विचारतो, भो, चोपड्याला एका रात्रीत एवढे कनेक्शन कुठून वाढले? वाढले नाहीत भाऊ, पोर्टांचे नंबर हलले.

यातली वाईट गोष्ट म्हणजे अलार्म वाजत नाही. लिंक डाऊन असती तर लाल दिवा लागला असता, इथे ग्राफ मस्त चालू असतो, फक्त नाव एकाचं आणि आकडा दुसऱ्याचा. ज्याला तुम्ही वापराप्रमाणे बिल लावता त्याचं बिल पण त्याच चुकीच्या आकड्यावर निघतं.

होतं काय ते बघा. एसएनएमपीमध्ये (मॉनिटरिंग सर्व्हर राउटरशी ज्या भाषेत बोलतो ती) प्रत्येक इंटरफेसला, म्हणजे पोर्टाला, एक नंबर असतो, त्याला इफइंडेक्स म्हणतात, आणि मॉनिटरिंगवाला सर्व्हर राउटरला विचारताना "चोपडा लिंकचे बाइट दे" असं विचारत नाही, "७ नंबरचे बाइट दे" असं विचारतो. हा नंबर राउटर चालू होताना जसजसे इंटरफेस सापडतात तसतसा वाटला जातो. नियमाची भाषा आरएफसी २८६३ मध्ये (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) आहे, २००० सालची, तिच्यात नंबर एका रीस्टार्टपासून पुढच्या रीस्टार्टपर्यंत कायम राहिला पाहिजे एवढंच म्हटलंय, त्याच्या पुढची जबाबदारी नाही. म्हणून कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही, ती नियमातच आहे.

आता लोक म्हणतात की आमचा राउटर चारदा रिबूट झाला, काही नाही झालं. बरोबर आहे, कारण काही बदललंच नव्हतं तर नंबर त्याच क्रमाने परत मिळतात. गडबड होते ती मधे कोणी टनेल (आभासी लिंक) काढून टाकला, सबइंटरफेस (एका पोर्टावरच बनवलेला आभासी पोर्ट) वाढवला, कार्ड बदललं की. चालू राउटरवर मधला टनेल काढून टाकला तर त्याचा नंबर नुसता रिकामा राहतो, बाकीचे जागेवर असतात, सगळं ठीक दिसतं. मग दोन महिन्यांनी लाईट जाते, राउटर नव्याने मोजायला लागतो, रिकामी जागा भरली जाते आणि त्याच्या पुढचे सगळे एकेक घर मागे सरकतात. म्हणजे चूक मार्चची आणि दिसते मे मध्ये, आणि शिव्या खातो लाईटवाला.

सिस्को आयओएस (सिस्को राउटरची सिस्टम) असेल तर उपाय एका ओळीचा आहे. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायची.) कॉन्फिग मोडमध्ये जुन्या आयओएसवर "एसएनएमपी-सर्व्हर इफइंडेक्स पर्सिस्ट", नव्यावर "एसएनएमपी इफएमआयबी इफइंडेक्स पर्सिस्ट". एक नाही चालली तर दुसरी टाका, प्रश्नचिन्ह दाबलं की राउटर स्वतःच सांगतो. एसटीत रुमाल टाकून जागा धरतो ना, तसंच हे, इंटरफेस उठायच्या आधीच त्याची जागा धरलेली.

पण कमांड टाकून चहा प्यायला जाऊ नका. नंबरांची यादी राउटर एनव्हीरॅममध्ये (लाईट गेली तरी न पुसणारी मेमरी) इफइंडेक्स-टेबल नावाच्या फाईलमध्ये ठेवतो आणि ती फाईल लिहिली जाते कॉन्फिग सेव्ह केल्यावर, म्हणजे "कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग" किंवा आपलं साधं "राइट मेमरी". आज पर्सिस्ट टाकलं, सेव्ह केलं, उद्या अमळनेरसाठी नवा सबइंटरफेस बनवला आणि सेव्ह नाही केला तर त्या नव्याची जागा धरलेली नाही. म्हणून इंटरफेसला हात लावला की सेव्ह, ही सवयच लावून घ्या. "डिर एनव्हीरॅम" केल्यावर ती फाईल दिसली पाहिजे, आणि "शो एसएनएमपी एमआयबी इफएमआयबी इफइंडेक्स" ने कोणाला कोणता नंबर ते कळतं.

सिस्कोच्याच नेक्सस स्विचला आणि जुनिपर कंपनीच्या राउटरला ही कटकट नाही, ते नंबर स्वतःहून लक्षात ठेवतात.

मायक्रोटिकची गोष्ट जरा वेगळी, आणि आपल्या भागातल्या छोट्या आयएसपीकडे तेच जास्त दिसतात. "इंटरफेस प्रिंट ओआयडी" केलं की प्रत्येक इंटरफेसचा पूर्ण ओआयडी (एसएनएमपीतला आकड्यांचा पत्ता) मिळतो, शेवटचा आकडा म्हणजे इंडेक्स. इथरनेट पोर्टांचा त्रास सहसा नाही, खरा त्रास पीपीपीओईचा, म्हणजे ग्राहक यूझर-पासवर्ड टाकून जोडतो त्या कनेक्शनचा. ग्राहक कट होऊन परत जोडला की त्याचा डायनॅमिक इंटरफेस नवीन बनतो आणि नंबरही नवीन, मग रिबूट होवो न होवो. पाचशे ग्राहकांचे असे ग्राफ लावून बसू नका, डिस्क भरेल आणि हाती काही लागणार नाही. ग्राहकाचा वापर रेडियस अकाउंटिंगमधून (लॉगिन सर्व्हरवरची वापराची नोंद) घ्या, आणि दोन-चार मोठे ग्राहक असतील, दालमिल किंवा केळीचं कोल्ड स्टोरेजवाले, तर त्यांच्यापुरतं पीपीपीओई सर्व्हर बाइंडिंग स्टॅटिक करा, म्हणजे इंटरफेसचं नाव कायम राहतं.

लिनक्सवर राउटर चालवत असाल तर नंबर कर्नल (लिनक्सचा गाभा) देतो आणि तो पक्का करायच्या मागे लागायचं नाही, तिथे नाव पक्कं करायचं. दोन लॅनकार्ड असले की कधी हे ईथ० कधी ते ईथ० असा जुना घोळ होता, सिस्टमडीने (लिनक्समधल्या सेवा चालू करणारा प्रोग्राम) २०१३ पासून स्लॉटवरून नाव द्यायला सुरुवात केली तेव्हा बराच कमी झाला. तरी स्वतःचं नाव हवं असेल तर सिस्टमडीच्या नेटवर्क फोल्डरमध्ये डॉट लिंक फाईल करा, मॅक अ‍ॅड्रेस जुळवा, नाव द्या, झालं.

आता माझं स्पष्ट मत ऐका. राउटरवर पर्सिस्ट टाकणं हे अर्धं काम आहे. वीज पडून राउटरच जळाला आणि तुम्ही बॅकअपमधून कॉन्फिग नव्या डब्यावर चढवली तर इफइंडेक्स-टेबल त्या बॅकअपमध्ये नसतंच, नंबर सगळे नवे. म्हणून मॉनिटरिंग सर्व्हरच्या बाजूनेही नंबर सोडून नावाला धरा, वेगवेगळ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये ते असं.

लिब्रेएनएमएसमध्ये डिव्हाइसच्या एडिटमध्ये पोर्ट असोसिएशन मोड असतो, आधीपासून इफइंडेक्स असतो, तो इफनेम (इंटरफेसचं नाव) करा. कॅक्टीमध्ये डेटा क्वेरीची री-इंडेक्स पद्धत बघा, "अपटाइम मागे गेला" वाली ठेवली की रिबूटनंतर तो यादी परत वाचतो, नाव-नंबर परत जुळवतो. एमआरटीजी अजून चालवणारे असतील तर सीएफजीमेकरला (त्याची कॉन्फिग बनवणारा प्रोग्राम) "इफरेफ=नेम" हा पर्याय द्या, मग टार्गेटमध्ये नंबराऐवजी नाव येतं. झॅबिक्समध्ये तयार टेम्पलेटमधल्या आयटमची (मोजल्या जाणाऱ्या एकेका आकड्याची) ओळख, म्हणजे "की", बहुतेक वेळा नंबरावर बांधलेली असते, म्हणून नंबर हलला की आयटमचं नाव बदलतं पण इतिहास जुन्याचा तसाच चिकटून राहतो, हे लवकर लक्षात येत नाही. तिथे डायनॅमिक इंडेक्स वापरा, ओआयडीत इंडेक्स, शोधायचा ओआयडी आणि इंटरफेसचं नाव असं द्यायचं.

इफनेमही डबा बदलल्यावर बदलू शकतं, गिगाबिट ०/१ चं ०/०/१ होतं. तेव्हा कामाला येतो इफएलियस, म्हणजे तुम्ही इंटरफेसवर लिहिलेलं डिस्क्रिप्शन. कॉन्फिगबरोबर तेही जातं. त्यामुळे "लिंक २", "टेस्ट नवीन" असलं नको, "चोपडा टॉवर" असं नीट लिहा, ६४ अक्षरांच्या आत, आणि दोन पोर्टांना एकच नाव देऊ नका, नाहीतर सर्व्हरही गोंधळतो.

तपासायचं कसं? रात्री, ग्राहक झोपल्यावर. आधी इफनेमच्या ओआयडीवर, १.३.६.१.२.१.३१.१.१.१.१, एसएनएमपीवॉक (सगळी यादी वाचणारी कमांड) चालवून निकाल फाईलमध्ये ठेवा. मग लूपबॅक (राउटरच्या आतला, केबल नसलेला इंटरफेस) १०१ आणि १०२ असे दोन खोटे इंटरफेस बनवा, सेव्ह, १०२ चा नंबर लिहून ठेवा, १०१ काढून टाका, परत सेव्ह, रीलोड. उठल्यावर १०२ चा नंबर तोच असला पाहिजे. मग परत वॉक करून दोन्ही फाईली डिफने ताडून बघा. नुसतं रीलोड करून बघण्यात अर्थ नाही, मधे काही काढलंच नाही तर पर्सिस्ट नसलं तरी पास होतं.

नंबर आधीच हलले असतील तर तोपर्यंतचा मिसळलेला डेटा वेगळा करता येत नाही, ग्राफवर तारीख टिपून ठेवा आणि त्या दिवसांचं बिल हाताने बघा. बाइट मोजणारे काउंटर ६४ बिटचेच वाचा, एचसीवाले (हाय कपॅसिटी), कारण ३२ बिटचा काउंटर १ गिगाबिट पूर्ण चालला तर ३४ सेकंदात भरून परत शून्यापासून सुरू होतो.

राउटरची स्वतःची ओळखही पक्की हवी. मॅनेजमेंटला लूपबॅकचा आयपी वापरा आणि "एसएनएमपी-सर्व्हर ट्रॅप-सोर्स लूपबॅक०" टाका, नाहीतर ट्रॅप (राउटर स्वतःहून सर्व्हरला पाठवतो तो इशारा) ज्या पोर्टातून निघेल त्याच्या आयपीने येतो आणि रूट बदलला की सर्व्हरला वाटतं नवाच राउटर आला. एसएनएमपी व्हर्जन ३ असेल तर इंजिन आयडी (राउटरची एसएनएमपीतली ओळख) पण बघा, यूझरच्या पासवर्डच्या किल्ल्या त्याच्यावरच बनतात, आणि आयओएसमध्ये हे यूझर रनिंग-कॉन्फिगमध्ये दिसतच नाहीत. म्हणजे डबा बदलला तर यूझर परत बनवावे लागतात, त्यांचे पासवर्ड आत्ताच कुठे नीट लिहून ठेवलेत का तेवढं बघून घ्या.