बाभूळ लावली, तरी रान का उभं राहत नाही? या चुका टाळा

शेंगा दिसल्या की झाड जमिनीला नत्र (नायट्रोजन) देणारच, असं धरून चालणं ही सगळ्यात मोठी चूक. चिंच, गुलमोहर, आपटा, बहावा, काशिद ही सगळी शेंगांचीच झाडं, पण यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी, म्हणजे हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूंची घरं, येत नाहीत. सावलीसाठी गुलमोहर खुशाल लावा, फक्त खताच्या हिशेबात धरू नका. सोलापूरच्या मुरमाड रानात नत्रासाठी बाभूळ, हिवर, खैर, शमी, करंज हीच कामाची.

गाठी आल्या की नाही, हे अंदाजाने ठरवू नका. पावसाळ्यात ओल असताना एखाद्या रोपाजवळ हलक्या हाताने उकरा आणि गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल निघाली तर जिवाणू कामाला लागलेत. पांढरट किंवा हिरवट असेल तर नाही. हीच तपासणी मे महिन्यात करून कपाळाला हात लावणारेही असतात. ओल गेली की गाठी सुकून झडतातच.

पावसाळ्यातही गाठी नसतील तर बऱ्याचदा घोटाळा रोपवाटिकेतला असतो. रोप हिरवंगार दिसावं म्हणून पिशवीत युरिया टाकतात. आयता नत्र मिळाल्यावर झाड जिवाणूंना कशाला पोसेल? युरियाऐवजी थोडं सुपर फॉस्फेट द्या. गाठींना स्फुरद (फॉस्फरस) लागतो आणि आपल्या चुनखडीच्या मातीत तो अडकून बसतो. हरभऱ्याचं उरलेलं जिवाणू खत बाभळीला लावून उपयोग नाही, तिचे जिवाणू वेगळे. जुन्या बाभळीखालची ओंजळभर माती पिशवीत मिसळा. पैसाही लागत नाही.

बाभळीचा नत्र शेजारच्या कडुनिंबाला मिळतो तो मुख्यतः पाला आणि बारीक मुळं कुजल्यावर. बांध साफ दिसावा म्हणून पाला पेटवला की त्यातला बराचसा नत्र धुरावाटे जातो. पाला पडू द्या, आणि मधूनमधून कडुनिंब, बोर लावा. नुसत्या सुबाभळीचं रान करू नका, तिचं बी पसरलं की आवरत नाही. वेडी (विलायती) बाभूळ तर नकोच.

आणि सोलापूरजवळच्या नान्नजकडचा गवताळ माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. माळढोक, काळवीट, लांडगा यांना मोकळं गवतच लागतं, तिथे वाढीव नत्राने तणच माजतं. रोपं ओढ्याकाठी, बांधावर, खाणीच्या जुन्या खड्ड्यांभोवती लावा.