रेव्हिटचं जुनं मॉडेल नव्या आवृत्तीत नेताय? या चुका टाळा

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर हात बसलेला माणूस रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आवृत्ती बदलताना फसतो. ऑटोकॅडच्या २०१८ ते २०२५ या सगळ्या आवृत्त्यांचा फाइल फॉरमॅट एकच, आणि त्याहून जुना हवा असेल तर ‘सेव्ह अ‍ॅज’ आहेच. रेव्हिटला परतीची वाट नाही. २०२४ मध्ये सेव्ह केलेलं मॉडेल २०२३ मध्ये उघडत नाही, आणि जुन्या आवृत्तीत सेव्ह करायचा पर्याय मेनूत शोधूनही सापडणार नाही.

सगळ्यात महागात पडते ती फाइलवर केलेली डबल क्लिक. मशीनवर दोन आवृत्त्या असतील तर कोणती सुरू होईल याचा भरवसा नाही. मी एकदा फोनवर बोलता बोलता फाइल उघडली, अपग्रेडची पट्टी सरकत होती तिकडे लक्षच गेलं नाही, आणि सवयीने कंट्रोल-एस दाबलं. स्ट्रक्चरवाले, म्हणजे इमारतीचा सांगाडा डिझाइन करणारे, अजून जुन्या आवृत्तीवर होते. वाचलो ते बॅकअपमुळे. सेंट्रल (सगळी टीम मिळून काम करते ती सामाईक फाइल) नसलेली साधी फाइल सेव्ह करताना रेव्हिट आधीची प्रत शेजारीच ठेवतं, नावामागे ०००१ असा आकडा लावून. अपग्रेडनंतरच्या पहिल्या सेव्हला बाजूला पडलेली प्रत जुन्याच आवृत्तीतली असते. मात्र मूळ सेटिंगमध्ये अशा तीनच प्रती राहतात. म्हणजे आणखी तीनदा सेव्ह केलं की ती गेली. चूक कळताच हात आवरा आणि ती प्रत आधी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा.

सेंट्रल फाइल असेल तर आधी सगळ्यांना सिंक करून, म्हणजे आपलं काम सेंट्रलमध्ये पाठवून, आपापल्या नावावर घेतलेले मॉडेलचे भाग (एलिमेंट) सोडायला सांगा. मग नवी आवृत्ती सुरू करून ओपनच्या खिडकीतून फाइल निवडा, ‘ऑडिट’ (फाइलमधले दोष तपासणं) आणि ‘डिटॅच फ्रॉम सेंट्रल’ (जुन्या सेंट्रलशी नातं तोडणं) दोन्हींवर टिक करा, वर्कसेट (टीमसाठी पाडलेले मॉडेलचे गट) राखा, आणि वेगळ्या फोल्डरमध्ये नवी सेंट्रल बनवा. त्यानंतर प्रत्येकाने नवी लोकल, म्हणजे सेंट्रलची आपल्या मशीनवरची प्रत, घ्यायची. जुन्या लोकलमध्ये कुणी ‘थोडंसंच’ काम केलं असेल तर ते नव्या सेंट्रलमध्ये जाणार नाही.

अपग्रेडनंतर मॉडेल उघडायला फार वेळ लागतोय? लिंक, म्हणजे मॉडेलला जोडलेल्या दुसऱ्या फाइली, तपासा. लिंक केलेली फाइल जुन्या आवृत्तीतली राहिली तर रेव्हिट ती प्रत्येक वेळी मेमरीत अपग्रेड करतं, डिस्कवरची तशीच राहते. म्हणून आधी लिंक अपग्रेड करायच्या, मुख्य मॉडेल शेवटी.

प्लगइनचं (रेव्हिटला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमचं) थोडक्यात: २०२५ च्या आवृत्तीत रेव्हिट डॉट नेट ८ वर गेलं, म्हणजे प्लगइन ज्यावर चालतात तो मायक्रोसॉफ्टचा पायाच बदलला. जुन्या प्लगइनच्या फाइली नव्या फोल्डरमध्ये चिकटवून ते चालतील असं धरू नका.

अपग्रेडच्या आधी आणि नंतर वॉर्निंगची (मॉडेलमधल्या अडचणींबद्दल रेव्हिट देतं त्या सूचनांची) यादी एक्सपोर्ट करून ठेवा, आणि सगळ्या शीटच्या (ड्रॉइंगच्या पानांच्या) पीडीएफही काढा. कंटाळवाणं काम आहे, पण पीडीएफ वगळू नका. २०१७ च्या आवृत्तीत रेव्हिटचा टेक्स्ट एडिटर बदलला तेव्हा जुन्या नोट्सच्या ओळी भलतीकडेच तुटल्या होत्या. असली गोष्ट वॉर्निंगमध्ये येत नाही. दोन्ही पीडीएफ शेजारी ठेवल्या की लगेच दिसते.