शाळेच्या भिंतीवर एक क्विंटलचा पेंग्विन कसा काढायचा

विज्ञान दिनाला दरवर्षी तोच सोड्याचा ज्वालामुखी करून पोट्टे कंटाळले असतील तर यंदा झेडपी शाळेच्या कंपाउंडवर कुमिमानू काढा. न्यूझीलंडचा पेंग्विन, साडेपाच ते सहा कोटी वर्षांआधीचा, 2017 साली जगासमोर आला, लांबी 1.77 मीटर अन् वजन अंदाजे 101 किलो, म्हणजे बाजार समितीच्या काट्यावर सरळ क्विंटल भरला असता बाप्पा. आजचा सगळ्यात मोठा पेंग्विन, एम्परर, लय झाला तर 45 किलो.

आता महत्त्वाचं, उभा काढू नका. 1.77 ही अंगाची लांबी आहे, उंची नाही, पेंग्विन उभा राहिला की मान आखडते अन् गुडघे पोटाखाली दुमडलेले राहतात, म्हणून पोहतानाचा आडवाच काढा, माप बरोबर बसते. भिंतीला चुन्याचा हात मारा, वाळला की 177 सेंटिमीटरवर दोन खिळे ठोका, गेरूत भिजवलेली सुतळी ताणून बांधा अन् मधातून ओढून सोडा. फटकन लाल रेघ उमटते. तिच्यावर चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत आकार बसवा.

चोच एम्परर पाहून काढाल तर फसाल. कुमिमानूचा सांगाडा अर्धवटच सापडला, पण त्या जुन्या पेंग्विनांची चोच लांब अन् भाल्यासारखी सरळ होती, तशीच ठेवा. माझं मत, पंखाचं हाड वगैरे जे खरंच सापडलं ते कोळशानं ठळक करा अन् बाकी अंदाजाचं सगळं ठिपक्यांनी, म्हणजे पाहणाऱ्याला फरक कळते. हाड जाडच काढा, पेंग्विनची हाडं कबुतरासारखी पोकळ नसतात, डुबकी मारायला वजन लागते ना.

रंगाचं काय? पेरूमधल्या 3 कोटी 60 लाख वर्षांआधीच्या इंकायाकू पेंग्विनची पिसंच दगडात सापडली, त्याचा रंग तांबूस तपकिरी अन् करडा निघाला. म्हणून काळा-पांढरा सोडा, गेरू अन् राख वापरा.

एखादा पोट्टा विचारेलच, आपल्या वावरात सापडन का? नाही, हे सगळे दक्षिण गोलार्धातले. आपल्याकडं चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं आहेत, ती याच्याहून जुनी. हे मोठे पेंग्विन संपले काहून तर सील अन् दातवाले व्हेल त्याच समुद्रात आले अन् माशांवरून स्पर्धा लागली, असा संशोधकांचा संशय आहे.

गेरूत डिंक घाला, नाहीतर मृगातच पेंग्विन वाहून जाईन.