उरलेली रोस्ट टर्की: सांगाड्यापासून सँडविचपर्यंत सगळं कसं संपवायचं

थँक्सगिव्हिंग असो नाहीतर ख्रिसमस, अख्खी टर्की भाजली की सगळे पोटभर जेवले तरी बरीच उरतेच. मग दुसऱ्या दिवशी तेच तुकडे मायक्रोवेव्हमध्ये गरम, तिसऱ्या दिवशी परत तेच, आणि त्यानंतर कोणी हातच लावत नाही, शेवटी सगळं कचऱ्यात. एवढ्या मेहनतीने भाजलेला पक्षी असा टाकवत नाही हो. उरलेली टर्की कोरडी आणि चिवट लागते कारण आपण ती दुसऱ्यांदा शिजवत बसतो, म्हणून खालच्या प्रत्येक गरम पदार्थात एकच गोष्ट पाळायची: बाकी सगळं आधी पूर्ण शिजवून घ्यायचं, टर्की अगदी शेवटी टाकायची आणि ती आतपर्यंत कडकडीत गरम झाली की गॅस बंद. घरात फूड थर्मामीटर असेल तर 74 अंश सेल्सिअस हा आकडा बघा. तेवढं झालं की पुरे, त्याच्या पुढे उकळत ठेवू नका.

आधी त्याच रात्रीचं काम

हे काम कंटाळवाणं आहे पण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. ओव्हनमधून बाहेर काढल्यापासून दोन तासांच्या आत टर्की फ्रीजमध्ये गेली पाहिजे, आणि अख्खी तशीच ट्रेसकट ढकलायची नाही कारण मोठा तुकडा आतून थंड व्हायला फार वेळ घेतो. शिजवल्यावरसुद्धा जिवंत राहणारे काही जंतूंचे बीजाणू असतात, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्स हा त्यातला एक, आणि मांस कोमट राहिलं की ते झपाट्याने वाढतात. अमेरिकेतली सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी सांगते की याची विषबाधा नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच जास्त दिसते, सणाच्या टर्की आणि रोस्ट बीफमुळे. तेव्हा गप्पा मारता मारता कोणीतरी सुरी घेऊन बसाच.

पोटात स्टफिंग, म्हणजे ब्रेडचं सारण, भरलं असेल तर ते पूर्ण बाहेर काढून वेगळ्या डब्यात ठेवा. ब्रेस्ट, म्हणजे छातीचं पांढरं मांस, हाडापासून अख्खी सोडवून घ्या आणि आडवे जाड काप करा. मांडीचं आणि पायाचं गडद मांस हाताने सोडवा, त्याचे सुटे तुकडे होतात तेच छान. हे दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत ठेवायचं, एकत्र करू नका, कारण पांढरं मांस लगेच कोरडं पडतं आणि गडद मांस रश्श्यात टाकलं तरी मऊ राहतं, दोघांचा उपयोग पूर्ण वेगळा. डबे उथळ घ्या म्हणजे पटकन थंड होतं. आणि पांढऱ्या कापांवर दोन-तीन डाव ग्रेव्ही किंवा ट्रेमधला रस ओतून झाकण घट्ट लावा. टर्कीच्या चरबीला हवा लागली की दुसऱ्या दिवशी तो एक शिळकट वास येतो ना, तो याने बराच कमी होतो.

असं ठेवलेलं मांस फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस चांगलं राहतं. म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी भाजली असेल तर सोमवारपर्यंत संपवायची नाहीतर त्याआधीच फ्रीजरमध्ये टाकायची.

सांगाडा टाकू नका, स्टॉक करा

स्टॉक म्हणजे हाडं मंद आचेवर उकळून काढलेलं चवदार पाणी, आणि मला विचाराल तर अख्ख्या टर्कीत सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. लोक सांगाडा बिनदिक्कत फेकून देतात आणि मग दुकानातून स्टॉकचे खोके आणतात!

सांगाडा हाताने मोडून चार-पाच तुकडे करा म्हणजे पातेल्यात बसेल. पंखांची टोकं, मान, सांध्यांवरचा पांढरा कुरकुरीत भाग, सगळं आत घाला, कारण स्टॉकला दाटपणा तिथूनच येतो. थंड पाणी हाडं बुडतील इतकंच घाला, तीन-साडेतीन लिटर साधारण. एक कांदा सालीसकट अर्धा करून, दोन गाजरं, सेलरीच्या दोन काड्या, तमालपत्र, दहा-बारा मिरे. मीठ अजिबात नाही, टर्की आधीच मिठात मुरवलेली असते आणि पाणी आटलं की तो खारटपणा वाढतो.

आता मोठ्या आचेवर उकळी येऊ द्या, वर मळी येईल ती झाऱ्याने काढा आणि आच एकदम कमी करा. खळाखळा उकळू द्यायचं नाही, अधूनमधून एखादा बुडबुडा वर यावा इतपत, नाहीतर चरबी पाण्यात फेटली जाते आणि स्टॉक गढूळ होतो. तीन तास असंच. प्रेशर कुकर असेल तर पाऊण-एक तासात काम होतं. गाळून घ्या, पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून लवकर थंड करा, मग फ्रीजमध्ये. सकाळी बघाल तर वर चरबीचा पिवळसर थर आणि खाली डुगडुगणारी जेली, चमचा टोचला तर उभा राहतो अशी. ती जेली म्हणजे हाडांतलं कोलॅजन विरघळून झालेलं जिलेटिन, घाबरून टाकून देऊ नका, गरम केलं की परत पातळ होतं आणि सूपला तो ओठांना चिकटणारा भरीवपणा देतं. वरची चरबीही ठेवा, बटाटे परतायला मस्त.

सूप मग दहा-पंधरा मिनिटांचंच काम. कांदा, गाजर, सेलरी बटरवर परतायचं, स्टॉक घालायचा, नूडल्स किंवा भात किंवा बार्ली जे असेल ते त्यात शिजू द्यायचं (बार्लीला मात्र अर्धा-पाऊण तास जास्त धरा), मीठ आता चाखून घाला, आणि शेवटी गडद मांसाचे तुकडे. वरून लिंबू पिळा.

पॉट पाय, सगळं एकत्र संपवायला

उरलेली ग्रेव्ही, थोडे वाटाणे, अर्धं गाजर, असं सगळं थोडं थोडं राहिलं असेल तर पॉट पायच करा, म्हणजे दाट सॉसमधलं मांस-भाज्या आणि वर भाजलेल्या पेस्ट्रीचं झाकण. 60 ग्रॅम बटरमध्ये कांदा, गाजर, सेलरी मऊ करा, 40 ग्रॅम मैदा घालून दोन मिनिटं परता, कच्चा वास गेला पाहिजे. मग 400 मिली गरम स्टॉक थोडा थोडा घालत ढवळत राहा, गुठळ्या होऊ देऊ नका, नंतर 150 मिली दूध. चमच्याच्या पाठीवर थर बसेल इतकं दाट झालं की वाटाणे, थोडा थाईम, मिरपूड, आणि गॅस बंद करून तीन कप टर्की. ग्रेव्ही उरली असेल तर तेवढा स्टॉक कमी घ्या. बेकिंग डिशमध्ये ओता, वर थंड पफ पेस्ट्री पसरा, मधे दोन चिरा द्या म्हणजे वाफ बाहेर जाईल, अंडं फेटून लावा आणि 200 अंशावर अर्धा तास, सोनेरी होईपर्यंत. पेस्ट्री नसेल तर उरलेले मॅश्ड पोटॅटो पसरा, काट्याने रेघा ओढा, त्या रेघांचे कंगोरे छान खरपूस होतात.

गडद मांसाला मसाला

ब्रिटनमध्ये ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेला, घरोघरी टर्कीची करी होते आणि ती होते कारण खरंच जमते. कांदा चांगला तांबूस परता, आलं-लसूण, टोमॅटो तेल सुटेपर्यंत, मसाले, मग स्टॉक आणि नारळाचं दूध. रस्सा स्वतःच चवदार झाला पाहिजे, मांस त्याला चव द्यायला फारसं उरलेलं नसतं. शेवटी मांडीचे तुकडे टाका, झाकण ठेवून पाचेक मिनिटं, झालं.

दुसरी वाट मेक्सिकोची. टर्की हा पक्षी मुळात तिथेच माणसाळवला गेला आणि प्वेब्लाचा प्रसिद्ध मोले, म्हणजे सुक्या मिरच्या आणि थोडं चॉकलेट घातलेला दाट सॉस, टर्कीबरोबरच खातात. तेवढा घाट घालायला वेळ नसेल तर क्वेसाडिया करा: टॉर्टियावर (ही मेक्सिकन पोळी) चीज, बारीक तोडलेली टर्की, हिरव्या मिरचीचे तुकडे आणि चमचाभर क्रॅनबेरी सॉस, घडी घालून तव्यावर दोन्हीकडून शेकायची. क्रॅनबेरीचा आंबटगोडपणा आणि मिरची एकत्र काय लागते ते एकदा करूनच बघा.

पांढऱ्या मांसाचं सँडविच

ब्रेस्टचे काप थंडच वापरले तर सगळ्यात रसाळ लागतात, म्हणून साधं सँडविच हा काही कमी दर्जाचा उपाय नाही. ब्रेड भाजून घ्या, मेयोनीज, मोहरी, लेट्यूस, पातळ काप, मीठ-मिरपूड.

गरमच हवं असेल तर हॉट ब्राउन करा, 1926 मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरातल्या ब्राउन हॉटेलमध्ये फ्रेड श्मिट या शेफने काढलेला प्रकार. जाड टोस्टवर टर्कीचे काप आणि टोमॅटो ठेवायचा, त्यावर चीज घातलेला गरम व्हाइट सॉस भरपूर ओतायचा, वर अजून चीज किसायचं आणि ग्रिलखाली ठिपके ठिपके लालसर होईपर्यंत ठेवायचं, शेवटी कुरकुरीत बेकन. सॉसखाली झाकलं गेल्यामुळे मांस सुकत नाही. काप मात्र आधी थोड्या स्टॉकमध्ये झाकण ठेवून गरम करून घ्या, ग्रिलच्या वरवरच्या उष्णतेने आतपर्यंत गरम होत नाही.

बारीकसारीक उरलेलं

मऊ पडलेली कातडी दोन बेकिंग ट्रेमध्ये दाबून 190 अंशावर दहा-पंधरा मिनिटं भाजा, पापडासारखी होते, चुरून सूपवर किंवा सॅलडवर घाला. स्टफिंगमध्ये एक अंडं आणि थोडा स्टॉक मिसळून वॉफल मशीनमध्ये दाबा, अंडं आतपर्यंत शिजू द्या, बाहेरून कुरकुरीत आतून मऊ, वर ग्रेव्ही. ग्रेव्ही मात्र नुसती कोमट करून वाढू नका, चांगली खळखळून उकळी आली पाहिजे.

आणि एवढं करूनही उरलंच तर फ्रीजर. नुसते काप गोठवले तर कोरडे पडतात, म्हणून स्टॉकमध्ये किंवा ग्रेव्हीत बुडवून, एका जेवणाला पुरेल एवढ्या पिशव्या करा, हवा दाबून काढा आणि वर तारीख लिहा. चारेक महिन्यांत वापरलं तर चव चांगली राहते. वापरायच्या आदल्या रात्री पिशवी ओट्यावर न ठेवता फ्रीजमध्येच वितळायला ठेवा, खाली ताटली ठेवायला विसरू नका, पिशवी गळली तर स्टॉक सगळ्या फ्रीजभर होतो.