खुर्ची मागे ठेवून निघू नका: पुराच्या दिवसांतल्या चुका

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतं. घरात व्हीलचेअरवरचं माणूस असेल तर ४३ ची वाट बघू नका. मी ३९ च्या आधीच, रस्ता कोरडा असताना हलवते. 'पाणी अंगणात येऊ दे, मग बघू' म्हणणाऱ्यांशी आता वाद घालत नाही, टेम्पो बोलावते.

ऑगस्ट २०१९. करवीर तालुक्यातल्या एका गावात, कमरेखाली संवेदना नसलेल्या काकांना उत्साही पोरांनी काखेत धरून बोटीत घातलं. खुर्ची नंतर आणू म्हणाले. ती आली आठ दिवसांनी. तोवर काका निवारा केंद्राच्या फरशीवर, एका सतरंजीवर. दुखत नव्हतं म्हणून काका बोलले नाहीत, आणि काका बोलले नाहीत म्हणून कुणी बघितलं नाही. मी पोचले तो पाचवा दिवस. कुशीवर वळवलं तर माकडहाडावरची कातडी दाबानं काळी पडलेली. जखम भरायला होळी उजाडली. पुरातून सुखरूप काढलेला माणूस फरशीनं घायाळ केला, याचा मला आजही राग येतो.

तेव्हा खुर्ची आणि कुशन त्याच बोटीत. जागाच नसेल तर कुशन तरी मांडीवर घ्या. केंद्रात दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. मी घरच्यांच्या मोबाइलला गजर लावून देते. औषध दुकानातली हवेची गोल रिंग हा सोपा उपाय वाटतो, पण तिच्या कडेनं रक्त अडतं. दाबानं उठलेला लाल डाग चोळूही नका.

संडासला जाता येत नाही म्हणून पाणी पिणं बंद करतात, मग लघवीचा संसर्ग होतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून खाली बादली ठेवा.

ऐकू न येणाऱ्याला भोंगा कळत नाही. दार उघडून हात लावून उठवणारा शेजारी आधीच ठरवा. अंध माणसाला न सांगता उचलू नका.

इन्सुलिन: वीज गेली की कोरड्या डबीत घालून ती डबी मातीच्या ओल्या मडक्यात ठेवा.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे म्हणजे आपत्तीच्या यादीत नाव आहे, असं धरून चालू नका. दिव्यांगांची नोंद ठेवणं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं काम आहे. मी दरवर्षी मे महिन्यात तलाठ्यांकडे जाऊन, नावापुढे 'व्हीलचेअर, उचलायला चार माणसं' एवढं लिहून घेते.