संत्री विका, डोकं नका खाऊ

काटोलकडच्या बागेतली संत्री मी नागपुरात बजाजनगरातून विकतो. ऑर्डरी जवळपास सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, म्हणून नवीन विकणाऱ्यांना हे सांगतो.

न विचारता कुणाला ग्रुपात ओढू नका. एकाने "भाव काय जी?" लिहिलं की साऱ्यांचे फोन वाजतात, वर प्रत्येकाचा नंबर अनोळखी लोकांपुढे उघडा पडतो. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. काही जण याला तोटा म्हणतात. मला तर तीच सोय वाटते, ज्याला नको त्याच्याकडे आपण जातच नाही.

रोज सुप्रभातच्या फुलावर दुकानाचं नाव चिकटवून पाठवायचं नाही. संत्र्याचं पीक दोनदा येतं: अंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे, मृग बहार फेब्रुवारीपासून. मधे माल नसेल तर गप्प बसा. माल आला की एकच मेसेज: आजच्या पेटीचा फोटो, वजन, भाव, घरपोच कुठपर्यंत. भाव लिहाच. "भावासाठी इनबॉक्स करा" वाचून माझी बायकोसुद्धा पुढे सरकते.

पाठवायचं ते संध्याकाळी. मार्चातल्या नागपुरी दुपारी कूलरसमोर डोळा लागलेल्या माणसाला संत्र्यांत रस नसतो. कॉलनीच्या ग्रुपात कुणी गेल्याची बातमी असेल, तर त्या दिवशी जाहिरात बंद.

कुणी "नको" म्हटलं तर "काऊन जी?" विचारू नका. "बरं" लिहा आणि नंबर लिस्टमधून तेव्हाच काढा.